निंबाचा डहाळा, बिब्बा आणि वेखंड: घराच्या राखणीच्या खान्देशी रीती, साहित्य आणि मापांसह

तापी-गिरणेकाठचं काळ्या मातीचं गाव असो की सातपुड्यातला पाडा, घराच्या राखणीला लागणारी झाडं जवळजवळ तीच आहेत. बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला निंबाचा डहाळा, शनिवारी चौकटीला लिंबू-मिरची, तिन्हीसांजेला धुरी, पाळण्याजवळ वेखंडाची पुरचुंडी. हे सगळं करणारी घरं अजून पुष्कळ आहेत. रीती मात्र अर्धवट उरल्या आहेत. मिरच्या किती, बिब्बा हातात कसा धरायचा, उतरवलेलं मीठ कुठे टाकायचं, निखारा कुठे न्यायचा नाही, हे तपशील जुन्या बायकांबरोबर गेले आणि त्यांच्या जागी बाजारची तयार माळ आली. खाली प्रत्येक कृती मापासह दिली आहे, आणि ती कुठे बिघडते तेही.

एक गोष्ट आधीच ठरवून ठेवा. हे विधी मनाला धीर देण्यासाठी आहेत, घरातल्या माणसांनी एकमेकांची काळजी हातांनी दाखवण्यासाठी आहेत. ताप, झटके, कावीळ, साप-विंचू, पोटातली आग यांपैकी काही असेल तर आधी दवाखाना. नजर नंतर उतरवता येते. आणि कुठलीही कृती कुणा माणसाचं नाव घेऊन, कुणाविरुद्ध करायची नाही. राखण आपल्या उंबऱ्याची असते, शेजारणीवर रोखलेली नसते.

झाड ओळखणं आणि आणणं

सगळ्यात जास्त चूक निंबातच होते. निंबासारखाच दिसणारा बकाण निंब बांधावर, रस्त्याकडेला भरपूर असतो आणि त्याची फळं विषारी असतात. फरक पानात बघा. कडुनिंबाचं पान एकदाच विभागलेलं असतं: मधली दांडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना करवतीसारख्या कडांची, किंचित वाकडी पानं. बकाणाच्या दांडीला आधी फाटे फुटतात आणि त्या फाट्यांवर पानं येतात. कडुनिंबाचा मोहर पांढरा, बकाणाची फुलं जांभळट. कडुनिंबाची लिंबोळी लांबट असते, पिकली की गळते. बकाणाची फळं गोल असतात आणि पानं झडल्यावरही पिवळ्या घोसांनी झाडावर लटकत राहतात. दाराला लावलेल्या डहाळीला अशी फळं असली आणि घरात रांगतं लेकरू असलं तर ती डहाळी तिथे नको.

निरगुडी नाल्याकाठी मिळते. एका देठावर तीन किंवा पाच पानं, पाठीकडून पांढरट, चुरगळली की उग्र वास. आघाडा कुंपणाला असतो आणि त्याचे तुरे धोतराला, लुगड्याला चिकटतात, त्यावरून तो न बघताही ओळखू येतो. बिब्बा सातपुड्याच्या उतारावरचा. वेखंड मात्र काष्ठौषधीच्या दुकानातूनच घ्यावं लागतं. ते हलकं, पेरांपेरांचं असतं, मोडलं की आतून फिकट दिसतं आणि वास लगेच नाकात चढतो. मोडूनही वास आला नाही तर माल जुना आहे, घेऊ नका. एका घराला वर्षभरात ५० ग्रॅमपेक्षा जास्त लागत नाही.

मूळ किंवा साल घ्यायची असेल तर आदल्या संध्याकाळी झाडाला आवतन देण्याची रीत आहे. झाडाजवळ जायचं, बुंध्याला हळद-कुंकू लावायचं, चार अक्षता ठेवायच्या आणि कशासाठी न्यायला येणार ते सांगायचं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत, कुणाशी न बोलता जाऊन तेवढंच आणायचं. या रीतीत मोठं शहाणपण आहे. जे काम आदल्या दिवशी बोलून दाखवावं लागतं त्यात हव्यास कमी होतो, आणि अंधारात भलतंच झाड ओरबाडलं जात नाही, कारण ते आदल्या दिवशी उजेडात बघून ठेवलेलं असतं. साल घ्यायची तर खोडाच्या एकाच बाजूने, बोटभर रुंद आणि वीतभर लांब, उभी. खोडाला गोल वळसा घालून साल सोलली तर अन्नाची वाट तुटते आणि झाड वाळतं. तुळस रविवारी, द्वादशीला आणि दिवेलागणीनंतर तोडत नाहीत.

यावल अभयारण्यातून काहीही उपटून आणू नका. तिथे परवानगीशिवाय वनस्पती काढणं गुन्हा आहे. पाड्यांवरच्या लोकांना २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाचा हक्क आहे, तो त्यांचा आहे. आपल्याला बिब्बा, सालईचा डिंक लागत असेल तर आठवडे बाजारात त्यांच्याकडूनच विकत घ्यावा. माल ताजा मिळतो आणि पैसा योग्य हातात जातो.

नजर उतरवणं

मोठ्या माणसाच्या एका वेळेला एवढं साहित्य पुरतं: खडेमीठ एक मोठा चमचा, मोहरी अर्धा चमचा, देठासकट सुक्या लाल मिरच्या ५, उंबऱ्याबाहेरची चिमूटभर माती आणि केरसुणीचा एक हीर. मीठ जाडंच हवं. बारीक मीठ बोटांतून गळतं आणि निखाऱ्यावर तडतडतही नाही. मिरची कोणतीही चालते, फक्त कोरडी हवी; नंदुरबारची मिरची बाजारातून आणून दोन दिवस उन्हात टाकलेली असली की काम चोख होतं.

निखारे आधी तयार ठेवा. दोन गोवऱ्या अंगणात पेटवून ज्वाळ बसेपर्यंत थांबा, मग लाल निखारे खापरात किंवा लोखंडी तव्यात घ्या. ज्याची नजर उतरवायची त्याला पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसवा. सगळं साहित्य उजव्या मुठीत धरा. मूठ डोक्यावरून सुरू करून खांदा, कंबर, गुडघा असं करत पायाच्या बोटांपर्यंत आणा आणि जमिनीला टेकवा. हा एक फेरा. तीन, पाच किंवा सात फेरे करतात. पाच पुष्कळ झाले. फेरे करताना ‘आल्या-गेल्याची, घरच्या-दारच्याची’ असं म्हणत जातात. अहिराणी घरात ‘आल्यागयास्नी, घरन्या-दारन्यास्नी, जी काही नजर व्हई ती जळी जावो’ असं म्हटलं जातं. शब्द ज्या भाषेत आई म्हणायची त्याच भाषेत म्हणावेत. कुणाचं नाव त्यात घालू नये. शेवटचा फेरा झाला की मूठ निखाऱ्यांवर सोडा, मागे वळून न बघता मोरीवर जाऊन हातपाय धुवा, मग बोला.

मिरचीचा ठसका लागला नाही म्हणजे नजर जबर होती, असं मानतात. त्यामागे काय घडतं तेही माहीत असावं. मिरचीतला तिखट अंश मंद निखाऱ्यावर धुराबरोबर वर येतो आणि घशाला झोंबतो. निखारा फुललेला असेल, ज्वाळ असेल तर तो अंश जागीच जळून जातो आणि ठसका लागत नाही. दार उघडं असलं, वाऱ्याची दिशा दुसरी असली तरीही लागत नाही. मीठ तडतडतं ते खड्यात अडकलेल्या ओलाव्याची वाफ होऊन खडा फुटतो म्हणून, मोहरीचंही तसंच. म्हणून त्या आवाजावरून किंवा ठसक्यावरून लेकराचा ताप किती गंभीर आहे हे ठरवू नका. ताप थर्मामीटरने मोजा.

तुरटीचं तर जास्तच सांभाळायला हवं. तुरटी ओवाळून निखाऱ्यावर टाकली की ती फुगते, पसरते आणि तिचा आकार बघून ‘हा अमक्याचा चेहरा’ असं सांगितलं जातं. तुरटीच्या खड्यात पाणी बांधलेलं असतं. ते उकळून बाहेर पडताना खडा लाहीसारखा फुलतो आणि वेडावाकडा आकार घेतो. त्या आकारात ज्याच्या मनात जो संशय आहे तोच चेहरा दिसतो. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्यापर्यंत गोष्टी अशाच एखाद्या खुणेवरून गेल्या आहेत. तुरटी वापरायची असेल तर टाका, फुलू द्या, आणि तिच्याकडे न बघता राख झाडाच्या मुळाशी नेऊन टाका.

गॅसच्या शेगडीवर मीठ-मिरची टाकू नका. मीठ बर्नरच्या भोकांत अडकून बसतं आणि शेगडी गंजते. बंद फ्लॅटमध्ये पाच मिरच्यांचा धूर सगळ्या मजल्याला पुरतो, तिथे एकच मिरची घ्या आणि खापर गॅलरीत ठेवा. घरात दम्याचा माणूस असेल तर मिरची आणि निखारा दोन्ही गाळा. फक्त खडेमीठ ओवाळायचं आणि तांब्याभर पाण्यात विरघळवून मोरीत सोडायचं. विधी तितकाच पुरा मानला जातो.

तान्ह्या बाळाला तर धूर नकोच. त्याच्यासाठी भाकरतुकडा आहे. ज्वारीची चतकोर भाकरी बाळावरून डोक्याकडून पायाकडे तीनदा ओवाळायची आणि दाराबाहेर कुत्र्याला घालायची. नवरी-नवरा उंबऱ्यात आले की जसा ओवाळून टाकतात तसाच.

गोठ्यातही हेच चालतं, पण क्रम उलटा. म्हशीने एकाएकी दूध आटवलं तर आधी कास हाताने बघा. एखादा सड गरम, टणक असेल किंवा पहिल्या धारेत गुठळ्या दिसत असतील तर तो कासदाह आहे, त्याच दिवशी पशुवैद्यक बोलवा. कास नीट असेल, चारा-पाणी बदललं नसेल, तर मग मीठ-मोहरी ओवाळा. गोठ्यात निखारा न्यायचा नाही. ओवाळलेलं बाहेर आणून जाळायचं.

लिंबू, मिरची आणि बिब्बा

एका दाराला एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, एक बिब्बा, एक छोटा कोळशाचा तुकडा आणि हातभर काळा सुती दोरा. लिंबू पिवळं, डाग नसलेलं, जड असावं. मिरच्या देठाच्या, सारख्या लांबीच्या. माळ शनिवारी सकाळी बांधतात, काही घरांत मंगळवारी.

ओवण्याचा क्रम खालून वर: कोळसा, लिंबू, सात मिरच्या. बिब्बा कुठे असावा यावर गावोगावी मतभेद आहेत. तो सगळ्यात वर, चौकटीजवळ असावा असं आम्हाला वाटतं आणि त्याचं कारण साधं आहे: खाली लोंबणारा बिब्बा येणाऱ्याच्या डोक्याला, लेकराच्या गालाला लागतो.

कोळशाला दोऱ्याची दुहेरी गाठ मारा. लिंबातून सुई बरोबर मधून, देठाकडून बुडाकडे न्या. सुई बाजूने गेली तर फोड फाटते, रस गळतो आणि तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. मिरच्या हिरव्या भागातून न टोचता देठातून टोचा. भोक पडलेली मिरची कुजते, देठातून ओवलेली नुसती वाळते. तार वापरू नका, लिंबाच्या रसाने ती गंजते आणि चौकटीवर लाल डाग उतरतो.

आता बिब्बा. या सगळ्या लेखात खरोखर भाजणारी वस्तू एवढीच आहे. काळ्या सालीच्या आत तेलासारखा काळा रस असतो, तो कातडीला लागला की ‘उततो’: आधी खाज, मग सूज, मग पाणी भरलेले फोड. लागल्याबरोबर काहीच होत नाही, त्रास काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी दिसतो, आणि तोवर तोच हात डोळ्याला, लेकराला लागून गेलेला असतो. म्हणून बिब्बा हाताळण्याआधी बोटांना खोबरेल तेल चोपडा किंवा प्लास्टिकची पिशवी हातात घाला. बिब्ब्याला सुई टोचायचीच नाही. त्याच्या देठाकडच्या खाचेत दोरा आवळून बांधा. तापवलेल्या सुईने भोक पाडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उष्णतेने तेल पातळ होतं आणि चिळकांडी उडते. बिब्बा निखाऱ्यावर टाकणं तर सर्वांत वाईट, त्याच्या धुराने तोंड आणि डोळे सुजतात. रस लागलाच तर आधी कापसाला तेल लावून पुसा, मग साबणाने धुवा. चोळू नका. डोळ्याजवळ, तोंडावर किंवा जांघेत लागलं असेल तर डॉक्टरकडे जा.

माळ आठवड्याने बदलायची. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा लिंबू चार दिवसांत दगड होतं. पावसाळ्यात तेच लिंबू काळ्या बुरशीने मऊ पडतं. लिंबू काळं पडलं म्हणजे कुणी करणी केली, असं सांगून घाबरवणारे भेटतात. आषाढातल्या दमट हवेत उघड्यावर टांगलेलं कुठलंही फळ असंच काळं पडतं.

जुनी माळ तिवाट्यावर टाकण्याची रीत होती. आता तिथून शाळेची मुलं अनवाणी जातात, गुरं हुंगतात, आणि त्यात बिब्बा असतो. माळ काठीने काढा, अंगणाच्या कडेला वीतभर खोल खड्डा करून पुरा. दोरा सुती असला की तोही मातीत जिरतो.

धुरी

सातपुड्याजवळ राहणाऱ्यांना चांगला धूप घराशेजारी आहे आणि बहुतेकांना त्याची किंमत नाही. सालईच्या झाडाचा डिंक वाळवून निखाऱ्यावर टाकला तर जो सुवास येतो तो बाजारच्या रंगीत धूपकांडीला येत नाही. गुग्गुळाचं झाड मुळात राजस्थान-गुजरातच्या रुक्ष भागातलं आहे, ते रानात फार कमी उरलं आहे. त्यामुळे महाग गुग्गुळात सालईचा डिंक आणि इतर चिकट माल मिसळतात. पारख जुनीच आहे: खरा गुग्गुळ उन्हात मऊ पडतो, निखाऱ्यावर बुडबुडे येऊन जळतो आणि गरम पाण्यात घोळला की पाणी दुधासारखं होतं. पाण्यात नुसता काळा गोळा तळाला बसला तर पैसे वाया गेले.

घरच्या धुरीचं माप असं: सावलीत वाळवलेला निंबाचा पाला दोन मुठी, वाळलेली निरगुडीची पानं एक मूठ, सालईचा डिंक दोन चमचे जाडसर कुटून, राळ अर्धा चमचा, ओवा एक चमचा, लसणाची सालं मूठभर, वेखंडाचा वाटाण्याएवढा तुकडा ठेचून. हे कोरडं मिश्रण बरणीत भरून ठेवलं तर तीन-चार वेळा पुरतं. वेखंड यापेक्षा वाढवू नका, धूर कडवट होतो आणि डोकं जड पडतं.

तीन निखारे खापरात घ्या, खापर पितळी ताटात वाळू पसरून तिच्यावर ठेवा म्हणजे हात पोळत नाही. आधी पाला आणि पानं चिमटीने सोडा. पांढरा धूर स्थिर झाला की डिंक आणि राळ चिमूट-चिमूट टाका. राळ एकदम ओतली की भडका उडतो. हीच चूक सर्वांत जास्त होते आणि पदराला आग त्यानेच लागते. पाला ओला असेल तर धूर पिवळट, डोळे चुरचुरवणारा निघतो. तसा निघाला तर थांबा, पाला पुन्हा वाळवा.

फिरायचं ते मागच्या दारापासून पुढच्या दाराकडे. प्रत्येक खोलीचे कोपरे, पलंगाखाली, धान्याच्या कोठीमागे, शेवटी उंबरा. खिडक्या उघड्याच ठेवायच्या. धूर बाहेर जायलाच हवा, तोच तर हेतू आहे. दारं लावून निखारा आत ठेवला तर त्यातून वास नसलेला विषारी वायू साचतो आणि झोपलेली माणसं उठत नाहीत. बाळंतिणीला शेक-शेगडी देताना हे विशेष जपा: दार उघडं, बाळ दुसऱ्या खोलीत, निखारा झोपण्याआधी बाहेर. बाळाला धुरीवर धरण्याची जुनी पद्धत सोडलेलीच बरी, त्याची फुफ्फुसं तो धूर सोसत नाहीत.

दिवाळीच्या आगेमागे खान्देशातल्या शेतकऱ्याच्या घरात एक तरी खोली कापसाने भरलेली असते. त्या खोलीत धुरी न्यायची नाही. उंबऱ्याबाहेर उभं राहून ताट ओवाळा आणि पुढे जा. कापसात पडलेली ठिणगी तासन्‌तास आत धुमसते, दिसत नाही, आणि मध्यरात्री पेट घेते.

पुरचुंडी

पाळण्याच्या वर, ट्रॅक्टरच्या टपाखाली, विहिरीच्या मोटारीजवळच्या खोलीत ही टांगतात. मांजरपाटाचा किंवा लाल सुती कापडाचा वीतभर चौकोन घ्या. त्यात एक अख्खं हळकुंड, दोन बोटं लांब वेखंडाचा तुकडा, एक चमचा मोहरी, अर्धा चमचा ओवा, निंबाची सात वाळलेली पानं. पुरचुंडी वळून काळ्या दोऱ्याने सात वेढे देऊन गाठ मारा. मीठ घालू नका. ते हवेतलं पाणी ओढतं, पावसाळ्यात कापड ओलं होतं, हळकुंडाला कीड आणि बुरशी लागते. साहित्य घालण्याआधी एक दिवस उन्हात ठेवावं.

बाळाच्या गळ्यात किंवा मनगटात बांधू नका. दोरा गळ्याला आवळला जातो, गाठ सुटली तर मोहरी नाकात जाते. पाळण्याच्या दांडीला, बाळाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर बांधा. बाळाला वेखंड उगाळून चाटवू नका. आणि गुंजांची मनगटी कितीही सुंदर दिसली तरी लेकराच्या हातात नको. लाल-काळी गुंज चावून फुटली तर तिच्या आतलं विष जीव घेण्याइतकं तीव्र असतं. धोतऱ्याचं फळ महादेवाला वाहतात त्याचंही तसंच: वाहून झालं की बिया सांडू न देता उचलून पुरायचं.

पुरचुंडी वर्षाने बदलतात, बहुतेक घरांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. जुनी सोडून मोहरी-ओवा मातीत टाकायचा. स्वयंपाकात परत न्यायचं नाही.

मारुतीची रुईमाळ

ही ११, २१ किंवा १०८ पानांची, शनिवारी. पानं सकाळी तोडा, तोडल्याबरोबर देठ खाली करून पाच मिनिटं टेकवून ठेवा म्हणजे चीक निथळतो, मग बादलीत धुवा. दोरा देठातून, पानापासून बोटभर अंतरावर ओवा. काम चालू असताना डोळ्याला हात लावायचा नाही. रुईचा चीक डोळ्यात गेला तर अनेकदा दुखत नाही, फक्त धुरकट दिसायला लागतं, आणि दुखत नाही म्हणून लोक दोन दिवस काढतात. चीक गेल्याची शंका आली तरी वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं डोळा धुवा आणि लगेच नेत्रतज्ज्ञाकडे जा.

वनस्पतींच्या नावावर चालणारी फसवणूक

ज्याला झाडं कळतात त्याने हेही सांगितलं पाहिजे.

लिंबू कापलं की आतून ‘रक्त’ येतं. सुरीला आधी जास्वंदाच्या फुलाचा रस चोळून वाळवलेला असतो. लिंबाच्या आंबटपणाने तो लाल होतो. हळदीच्या पाण्यात चुना पडला की पाणी लाल होतं, हे तर प्रत्येक घरात कुंकवाचं पाणी करताना बघितलेलं आहे. तेच भगताच्या तांब्यात घडलं की भीती का वाटावी?

कावीळ ‘उतरवताना’ रोग्याचे हात चुन्याच्या निवळीत धुतात आणि पाणी पिवळं होतं. उतरवणाऱ्याने आपल्या हातांना आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो. निरोग्याचे हात धुतले तरी पाणी पिवळंच होईल. काविळीची माळ डोक्यावर घातली की रोज वाढत पायापर्यंत उतरते, ती ओल्या काड्यांच्या तुकड्यांना सैल गाठी मारून केलेली असते. काड्या वाळून बारीक होतात, गाठी ढिल्या पडतात, दोरा मोकळा होतो. भिंतीवरच्या खिळ्याला टांगली तरी ती तितकीच वाढते. दोन माळा घेऊन एक टांगून बघा. मधल्या काळात यकृताची तपासणी राहून जाते, हा खरा धोका. नाकात कडू फळांचा रस पिळणं तर कुणालाही करू देऊ नका.

‘हातजोडी’ नावाची मूळ म्हणून विकली जाणारी वस्तू वनस्पती नाहीच. ते घोरपडीच्या नराचं वाळवलेलं जननेंद्रिय असतं. घोरपड वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, ते घरात ठेवणाऱ्यावरही गुन्हा दाखल होतो. जत्रेत, यात्रेत कुणी कापूर-शेंदूर लावलेली डबी पुढे केली तर हात लावू नका.

महाराष्ट्रात ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. साप, कुत्रा, विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं; एखाद्या बाईवर किंवा माणसावर करणी करते, भूत लावते असा ठपका ठेवून छळ करणं, हे त्याखाली गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५,००० ते ५०,००० रुपये. आपल्या दाराला निंब बांधणं, आपल्या लेकराची नजर उतरवणं यात मोडत नाही. गावात कुणाला डाकीण म्हटलं जात असेल तर पोलीस ठाण्यात या कायद्याखालच्या दक्षता अधिकाऱ्याकडे तक्रार करा, आणि त्या बाईला एकटं सोडू नका. साप चावला तर हात-पाय न हलवता, जखम न कापता, १०८ ला फोन.

घरी लावण्याजोगी

दरवेळी रानावर भार नको म्हणून दोन झाडं अंगणात लावावीत. निरगुडीची अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब फांदी मृगाच्या पावसानंतर तिरपी खोचली की लागते. दोन डोळे मातीत, दोन वर. मोकाट गुरं तिला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणालाही चालते. पहिलं वर्षभर पानं तोडू नका, दुसऱ्या पावसाळ्यापासून धुरीपुरता पाला निघतो. वेखंडाला पाय ओले लागतात. मोरीचं साबणाचं पाणी नको, पिण्याच्या टाकीच्या नळाखाली सांडणारं पाणी जिथे मुरतं ती जागा द्या, दुपारचं ऊन झाडामागे अडेल अशी. ताज्या कंदाचा डोळा असलेला तुकडा दोन बोटं खोल लावा. चैत्र-वैशाखात पानं पिवळी पडली तरी उपटू नका, माती ओली ठेवली की पावसात पुन्हा हिरवी होतात. कंद वर्षानंतर खणायचा, अर्धा घ्यायचा आणि अर्धा तिथेच परत दाबायचा.